बेदाण्याचं हरवलेलं घर

बेदाणा घरात येईना, आणि का येईना ते कुणाला कळेना.

आता बेदाणा म्हणजे खायचा बेदाणा नव्हे. शेडग्यांच्या कुत्र्याचं नाव बेदाणा. पिल्लू असताना त्याचा तपकिरी रंग आणि अंगावरच्या सुरकुत्या बघून घरातल्या लेकीनं, तन्मयीनं, ते ठेवलं होतं. सांगलीच्या मुलीला दुसरं सुचणार तरी काय! गावात आता भाजी ड्रोननं गच्चीवर उतरायची, लिफ्ट 'जेवण झालं का' म्हणून चौकशी करायची, पण बेदाण्याचे सौदे मात्र अजून तसेच जोरात चालत होते.

तर हा बेदाणा. सकाळी फिरायला न्या, कसा उड्या मारत निघायचा. नदीच्या घाटावर म्हशींवर भुंकून यायचा, कचरा उचलणारा यंत्रमानव दिसला की त्याच्या चाकावर तंगडी वर करायचा. पण परत येऊन चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, की गडी एकदम बदलायचा. कान पाडून, शेपूट पायांत घालून जिन्याच्या कठड्याला चिकटून बसायचा. ओढलं तर पंजे रोवायचा. उचलून आत आणलं, तर डोळ्यांतून पाणी गाळत थेट बाल्कनीच्या कोपऱ्यात जायचा, पंजे चाट चाट चाटायचा आणि गजांतून नाक बाहेर काढून झोपून जायचा.

आणि बाबांवर गुरगुरायचा. हे सगळ्यात वाईट होतं. कारण बेदाणा मुळात बाबांचाच. बाबा सौरपंपांचे अभियंता. एका मळ्यात पंप बसवायला गेले होते, तिथून त्यांनी हे पिल्लू सदऱ्याच्या खिशात घालून आणलं होतं. त्याला बाटलीनं दूध पाजणारे बाबा, त्याच्यासाठी भाकरीचा पापुद्रा काढून ठेवणारे बाबा. आणि गेल्या मंगळवारी पट्टा सोडायला वाकलेल्या त्याच बाबांच्या हाताला बेदाण्यानं दात लावला. ओरखडाच होता, पण आई दंतवैद्य. दात काय करू शकतात ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"आज तुला लावला, उद्या तनूला लावेल," ती बाबांना म्हणाली. "डॉक्टरांनी तपासून सांगितलंय की आजार काही नाही. मग अजून कशाची वाट बघायची?"

डॉक्टरांकडे तर बेदाण्यानं कमालच केली होती. टेबलावर शहाण्यासारखा बसला, पंजा दिला, शेपूट हलवली. फक्त बाबा जवळ आले तेव्हा तोंड फिरवून घेतलं.

शेवटी ठरलं. कवठेमहांकाळचे चुलतकाका रविवारी येऊन बेदाण्याला मळ्यावर घेऊन जाणार. बाबा नुसते "बरं" म्हणाले आणि उगाचच पंपाचा एक सुटा भाग पुसत बसले. तन्मयी मात्र बाल्कनीत जाऊन रडली. बेदाण्यानं तिचं तोंड चाटलं, त्यामुळे तिला आणखीच रडू आलं.

शुक्रवारी संध्याकाळी आत्या आली. शैलजाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती बेदाणा संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती आणि सहा महिने चिली देशातल्या द्राक्षबागांत राहून नुकतीच परतली होती. तिचं काम म्हणजे वासाचं. शीतगृहातल्या हजारो खोक्यांपैकी नेमक्या कुठल्या खोक्यात बुरशी धरायला लागलीय, हे खोकं न फोडता ओळखणारं कृत्रिम नाक तिनं बनवलं होतं.

तन्मयीनं दार उघडलं. आत्यानं उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि 'फुस्स' असा आवाज झाला. पाठोपाठ आत्या शिंकली. पुन्हा शिंकली. मग डोळे पुसत म्हणाली, "हे काय गं?"

"स्वागत!" बाबा आतून अभिमानानं म्हणाले. "गुलाबदाणी आहे. पाडव्याला बसवली."

लग्नात मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडायची आपल्याकडची जुनी रीत. त्यासाठी लांब मानेची चांदीची गुलाबदाणी असायची. आता त्याच नावाचं यंत्र निघालं होतं. कुणी दारात आलं की ते आपोआप सुगंधी फवारा सोडायचं. सांगलीत घरोघरी हे खूळ शिरलं होतं, आणि शेडग्यांचं घर मागं कसं राहणार?

"आणि हा बघ माझा शोध," बाबांनी चौकटीच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर आणखी एक बारीक तोटी बसवलेली होती. "वरचा फवारा माणसाच्या खांद्यावर पडतो. बेदाण्याला काहीच मिळत नव्हतं. म्हटलं, घरातलंच पोर आहे, त्याचं पण स्वागत व्हायला पाहिजे की! पहिल्या दिवशी असा गोड शिंकला, आम्ही सगळे हसलो."

आत्या हसली नाही. "फवारा किती जोरात ठेवलायस?"

"आधी दोनवर होता. पण हल्ली वासच येत नाही गं. कंपनी पाणी घालायला लागली बहुतेक. आता सातवर केलाय."

"वास येत नाही?" आत्या म्हणाली. "दादा, मला खाली लिफ्टमध्ये यायला लागला होता."

तन्मयीनं आत्याकडं बघितलं, मग त्या खालच्या तोटीकडं. तिच्या डोक्यात काहीतरी हललं. तिनं आत्याला ओढत बाल्कनीत नेलं आणि बेदाण्याची सगळी कहाणी सांगितली. रविवारी काय होणार आहे तेही सांगितलं, आणि सांगताना तिला रडू फुटलंच.

आत्या खाली फरशीवर बसली. बेदाण्यानं तिच्या पायांपासून केसांपर्यंत सगळा प्रवास हुंगून काढला.

"तुला काय वाटतं, तनू?" आत्यानं विचारलं.

"तो फुस्स आवाजाला घाबरत असेल. सापासारखा येतो तो आवाज."

"असेल. पण असेल म्हणून चालत नाही. तपासायचं कसं?"

"यंत्र बंद करून बघायचं," तन्मयी म्हणाली.

बाबांनी लगेच यंत्र बंद केलं. तन्मयी बेदाण्याला खाली फिरवून आणायला गेली. येताना लिफ्टमध्ये ती देवाचं नाव घेत होती. दार उघडलं. फुस्स नाही की काही नाही. तरीही बेदाणा कठड्याला चिकटलाच. बाबा हात पुढे करून "ये रे बाळा" म्हणाले, तर त्यानं दात दाखवले.

बाबांनी हात मागे घेतला. "बघितलंस? यंत्राचं काही नाही. मीच नको झालोय त्याला," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी कवठेमहांकाळला फोन लावला आणि काकांना विचारलं, मळ्यावर सावली आहे का, पाण्याचं भांडं कुठं ठेवाल.

तन्मयीला वाटलं, सगळं संपलं. आत्या मात्र शांतपणे तिला म्हणाली, "एवढं तर कळलं ना, की नुसत्या आवाजाची ही गोष्ट नाही. उद्या सकाळी माझं यंत्र आणते."

शनिवारी सकाळी ती एक जाडसर चष्मा आणि त्याला जोडलेली डबी घेऊन आली. त्या यंत्राचं नाव घ्राणिका (हवेतले वास टिपून त्यांचे रंग दाखवणारं यंत्र).

"आधी सांग, वास म्हणजे काय?" आत्यानं विचारलं.

तन्मयीनं नाक खाजवलं. "वास म्हणजे... वास!"

"खालच्या मजल्यावर भजी तळली तर तुला इथं कसं कळतं? भज्याचे काही रेणू (पदार्थाचे अतिशय सूक्ष्म कण) हवेत उडतात आणि थेट तुझ्या नाकात येऊन बसतात. तिथं घ्राणपेशी (वास ओळखणाऱ्या पेशी) असतात. त्या मेंदूला निरोप देतात, भजी तळतायत."

"म्हणजे खरंखुरं भजं माझ्या नाकात येतं?"

"भज्यातले काही रेणू, हो."

"मग कचऱ्याचा वास आला तर—"

"पुढं नको बोलू, मी चहा पितेय," आई म्हणाली. पण तीही खुर्ची जवळ ओढून बसली होती.

आत्या सांगत गेली. माणसाच्या नाकात साधारण पन्नास-साठ लाख घ्राणपेशी. कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्याही पुढे, जातीप्रमाणे कमीजास्त. आपल्या नाकातला वास ओळखणारा पडदा काढून पसरला तर दोन बोटांच्या पेरांएवढा होईल, कुत्र्याचा पसरला तर हातरुमालाएवढा. शिवाय कुत्र्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात. सोडलेला श्वास त्या चिरांतून बाजूला जातो, त्यामुळे समोरून येणारा नवा वास विस्कटत नाही. आमटीत हिंग पडला की आपल्याला कळतं. कुत्र्याला हिंग कधी पडला, कुणाच्या हातानं पडला आणि त्या हातानं आधी काय धरलं होतं, हेही बहुधा कळत असावं.

"पण मग आम्हाला तो गुलाबाचा वास येईनासा का झाला?" आईनं विचारलं. "मी काय नाक बदललं नाही."

"वहिनी, नाकाचं काम नवीन काय आलं ते सांगणं. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची बातमी देणं बंद करतं. याला घ्राणसवय (सारख्या येणाऱ्या वासाची जाणीव बोथट होणं) म्हणतात. वास घरात असतो, आपल्याला तेवढा कळत नाही. दादाला वाटलं बाटली पाणचट झाली, म्हणून तो फवारा वाढवत गेला."

"मग बेदाण्याला का नाही झाली सवय?" तन्मयीनं विचारलं.

"चांगला प्रश्न आहे. त्यालाही सवय होते, पण त्याचं सुरुवातीचं मापच केवढं मोठं! आणि तो रोज बाहेर जाऊन नाक स्वच्छ करून परत येतो. त्यात फवाऱ्यातलं सुगंधी तेल आणि मद्यार्क (पटकन उडून जाणारा द्रव) नाका-डोळ्यांना झोंबतात. वास आवडणं-नावडणं वेगळं आणि झोंबणं वेगळं. फवाऱ्याचे थेंब शेवटी पडतात कुठं? खाली. आपलं नाक वर, त्याचं नाक जमिनीला. मद्यार्क उडून जातो, तेल फरशीवर, पायपुसण्यावर राहतं. ते पंजांना लागतं आणि तो पंजे चाटतो."

आईनं चहाचा कप खाली ठेवला.

"आता चष्मा लाव," आत्या म्हणाली. तिनं आधी प्रत्येकाच्या वापरलेल्या रुमालाचा वास यंत्राला ओळखायला दिला होता. आई निळी, बाबा शेंदरी, तन्मयी पिवळी, आणि गुलाबदाणीचा वास गुलाबी. "डबीवर एक बटण आहे. आत्ता ते माणसावर आहे."

तन्मयीनं बघितलं. दाराशी थोडीशी गुलाबी झाक होती. बाकी घर नेहमीसारखं.

"आता कुत्र्यावर कर. एक लक्षात ठेव, कुत्र्याला नेमकं कसं वाटतं ते कुणालाच माहीत नाही. हा नुसता आपला अंदाज आहे, रंगात मांडलेला."

तन्मयीनं बटण फिरवलं आणि किंचाळलीच.

घर नव्हतंच. जिकडं तिकडं घट्ट गुलाबी धुकं. भिंती नाहीत, खुर्च्या नाहीत. पायपुसण्यातून ते धुकं उकळल्यासारखं वर येत होतं, पडद्यांना लोंबत होतं, दाराच्या फटीतून जिन्यापर्यंत वाहत होतं. तिनं आईला शोधलं. निळा रंग कुठंच दिसेना. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला, पिवळा ठिपकासुद्धा नाही.

"काय दिसलं गं?" बाबांचा आवाज आला. तन्मयी आवाजाकडं वळली. तिथं बाबा नव्हते. एक गुलाबी ढग तिच्याकडं चालत येत होता, आणि त्याचे दोन हात बाकीच्या धुक्यापेक्षाही गडद होते. रोज गुलाबदाणीची बाटली भरणारे हात. ढगानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती दचकून मागं सरली.

तिनं चष्मा काढला. समोर बाबाच होते, काळजीनं बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही नको नाही झालात त्याला. तुम्ही त्याला सापडतच नाही आहात. आवाज तुमचा येतो आणि समोर भलताच कुणीतरी असतो, डोळ्यांना झोंबणारा. मी पण घाबरले आत्ता."

तिनं पुढं केलेला चष्मा बाबांनी घेतला नाही. ते सोफ्यावर बसले. "मी त्याचं स्वागत करत होतो," ते म्हणाले. मग आईच उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "चला. बसून काय होणार?"

त्या दिवशी शेडग्यांच्या घरात दिवाळीआधीची असते तशी धांदल उडाली, फक्त एकही सुवासिक वस्तू न वापरता. पायपुसणं आणि पडदे गच्चीवर उन्हात गेले. फरशी गरम पाण्यानं आणि वास नसलेल्या साबणानं पुसली, मग पुन्हा नुसत्या पाण्यानं. सगळ्या खिडक्या उघडल्या. आईनं न्हाणीघरातली फिनेलची बाटली उचलली, आत्याकडं बघितलं आणि गुपचूप वरच्या फळीवर ठेवली.

"सगळेच वास वाईट नसतात," आत्या म्हणाली. "पण फवारा मारताना कुत्रं त्या खोलीत नसावं, हवा खेळती असावी आणि फरशी पूर्ण वाळल्याशिवाय त्याला सोडू नये. आणि त्यानं उलट्या केल्या, लाळ गाळली, श्वासाला त्रास झाला, तर मी किंवा चष्मा नको, सरळ डॉक्टरकडं न्यायचं."

बेदाण्याचे पंजे कोमट पाण्यानं धुतले. बाबांचे हात मात्र साबणाला दाद देईनात. घ्राणिका लावून बघितलं तर गुलाबी ते गुलाबीच. मग आईनं डाळीचं पीठ आणलं. बाबांनी कोपरापर्यंत पीठ चोळलं, धुतलं, पुन्हा चोळलं.

"हातांना भज्यासारखा वास यायला लागला," बाबा कुरकुरले.

"त्याला भजी आवडतात," तन्मयी म्हणाली.

रविवार उजाडला. काका जेवायच्या वेळेला पोचणार होते. गुलाबदाणी दोन्ही तोट्यांसकट निघालेली होती. तन्मयी बेदाण्याला घाटावर नेऊन आणत होती, आणि लिफ्टनं 'आज सुट्टी का' असं विचारलं तेव्हा ती मजल्यांचे आकडे मोजत होती.

दार उघडलं. बाबा बाहेर जिन्याजवळच, दाराला पाठ लावून फरशीवर बसले होते. कालचाच सदरा, घामेजलेला. आत्यानं त्यांना बजावलं होतं, हाक मारायची नाही, हात पुढं करायचा नाही, नुसतं बसायचं.

बेदाणा कठड्याला चिकटला. नेहमीसारखाच. तन्मयीनं पट्टा सैल सोडला. बेदाण्याचं नाक हललं. थांबलं. पुन्हा हललं. तो एक पाऊल पुढं आला आणि मागं गेला. मग मान लांब करून पुढं आला. बाबांच्या पायाचा अंगठा हुंगला. गुडघा हुंगला. सदऱ्याची बाही, काख, मान, कान, सगळं हुंगत राहिला, एखादं हरवलेलं पत्र पुन्हा पुन्हा वाचावं तसा. मग त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की तन्मयीनं तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. भुंकणं नाही, रडणं नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी. आणि तो अख्खाच्या अख्खा बाबांच्या अंगावर कोसळला.

बाबा हसत होते आणि रडतही होते, आणि बेदाणा दोन्ही चाटून टाकत होता.

तो घरात गेला. उंबरा ओलांडला, स्वयंपाकघर, खोल्या, सोफ्याखालची फट, सगळं हुंगून आला. आईनं काकांना फोन करून सांगितलं, "भावजी, जेवायला नक्की या. पण न्यायला म्हणून येऊ नका." आणि बेदाण्यासमोर बसून ती हळूच म्हणाली, "चुकलं रे माझं."

दुपारी तन्मयीनं पुन्हा चष्मा लावला, बटण कुत्र्यावर केलं. धुकं जवळजवळ विरलं होतं. उरलेलं घर बारीक रंगीत दोऱ्यांनी भरून गेलं होतं. निळा दोरा ओट्यापासून कपाटापर्यंत. पिवळा दोरा तिच्या टेबलापासून दाराबाहेर, लिफ्टपर्यंत. सकाळी ती गेली ती वाट अजून तिथंच होती.

"आत्या, म्हणजे मी शाळेत गेले तरी माझा दोरा मागं राहतो?"

"राहतो. हळूहळू विरत जातो. किती विरला त्यावरून तू परत कधी येणार ते त्याला कळत असेल, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. अजून सिद्ध व्हायचंय. तू कर सिद्ध."

"करीन," तन्मयी म्हणाली. "आणि ही बटणाखालची रिकामी खूण कुणासाठी?"

"मुंगी, हत्ती, मधमाशी, कुणासाठीही. फवारे बनवणाऱ्यांनी बाटली बाजारात आणण्याआधी अशा प्रत्येक नाकातून बघितलं पाहिजे, असं मी पुढच्या परिषदेत सांगणार आहे. तू येशील सोबत?"

तन्मयी उत्तर देणार होती, पण तिचं लक्ष दुसरीकडं गेलं. शेंदरी दोरे घरभर होते, पण एका जागी ते दाटून आले होते, इतके की तिथं फरशीच दिसत नव्हती. बाल्कनीचा कोपरा. बेदाण्याच्या गोधडीच्या अगदी शेजारी.

"बाबा, तुम्ही इथं बसत होता?"

बाबा जरा ओशाळले. "तो झोपला की जाऊन बसायचो थोडा वेळ. जागा असताना बसू देत नव्हता ना."

तन्मयीनं चष्मा काढून बाबांच्या डोळ्यांना लावला. ते कोपऱ्याकडं बघत राहिले. बेदाणा उठून आला आणि त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपी गेला.